विहीणबाईंची यादी

चंद्रपूर
१० नोव्हेंबर २०२४

बाबा,

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं बोडीटोल्याचा टॉवर खातो, म्हणून लिहिते. माय शेजारी असेल तर मोठ्यानं वाचा. नसेल तर ती तलावावरून येईपर्यंत थांबा, कारण एकट्यानं वाचलंत तर ती दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही.

मला सातवा संपत आला. बाळ छान आहे, पण माझं बीपी थोडं वर असतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळंतपण इथंच चंद्रपूरला करायचं ठरवलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते काही होत नाही. त्याबदली सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन दोन महिने तिकडे यायचं असं माझ्या मनात आहे.

काल मी आणि निकेश गोल बाजारात गेलो होतो. बाबा, एवढ्याशा जिवासाठी केवढं मोठं दुकान असतं ते तुम्ही पाहायला हवं होतं. दूध पाजायच्या बाटल्याच चौदा प्रकारच्या. एकीची मान वाकडी, एकीच्या पोटात नळी, एकीला दोन्ही बाजूंनी कान. त्या उकळायला विजेवरचं वेगळं यंत्र. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे रबरी तुकडे, बटणांच्या भोकांना झाकणं, जिन्याला फाटक. मी प्रत्येक वस्तू हातात घेतली आणि प्रत्येक वस्तू मला हवीशी वाटली. निकेशनं आंघोळीच्या पाण्यात सोडायचा प्लास्टिकचा मासा उचलला. पाणी जास्त गरम असलं की तो लाल होतो. म्हणाला, "तुह्या बाबाले दाखव. पाण्यात सोडला तरी पळून नाई जात." मी दुकानातच हसत खाली बसले, तर दुकानदार घाबरून पाणी घेऊन आला.

सासूबाईंनी मात्र त्यातलं काहीही घरात येऊ दिलं नाही. बाळ जन्मायच्या आधी त्याचं सामान घरात आणत नाहीत म्हणे. "बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी," एवढं बोलून त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणून सगळा माल शेजारच्या हेमराजभाऊंच्या दिवाणात आहे. ते पासष्टीचे, एकटे राहतात. त्यांचा कुणी पाहुणा तो दिवाण उघडेल तर काय समजेल कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट. सासूबाई म्हणतात, तिकडे पाठवायचं तर घर लेकराजोगं करून घ्या. मागचं दार थेट तलावावर उघडतं, ते बंद करा. चूल जमिनीवर आहे, ती उंच करा, आणि धूर बाळाच्या खोलीत यायला नको. गळ, विळे, सुऱ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. चांगली मच्छरदाणी हवी. आणि मध नाही, घुटी नाही, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नाही. हे सगळं झालं तरच पाठवतील. मायला राग येईल, पण तुम्ही समजावा.

तुमची,
रीता

बोडीटोला, ता. कुरखेडा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रीता,

तुझं पत्र हापशीवरच्या बायांनाही ऐकू गेलं, एवढ्या मोठ्यानं वाचलं. तुझ्या मायनं बाटल्यांचा भाग तीनदा वाचायला लावला. वाकडी मान कशाला असते ते मला सांगता आलं नाही, त्यामुळे माझा थोडा अपमान झाला.

मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून मी बारा वर्षं अर्ज लिहितो आहे. पण तलावाच्या ठेक्यालाही कधी इतक्या अटी पाहिल्या नाहीत. तरी रीतसर घरात सभा घेतली. हजर मी, तुझी माय आणि काळी कोंबडी. विहीणबाईंची यादी जशीच्या तशी मंजूर झाली. कोंबडी मध्येच उठून गेली, पण गणपूर्ती होती.

एक शंका मात्र नोंदवून ठेवतो. सव्वा महिन्याचं लेकरू मानही धरत नाही. ते चुलीपाशी कसं जाणार, आणि मागच्या दारानं तलावावर कोणत्या पायांनी जाणार? हे मी तुझ्या मायला बोललो, तर ती म्हणाली, "असू द्या. इहीनबाई जे म्हनल ते करा. पोरगी घरी येते का नाई ते पाहा." खरं आहे तिचं. तीन वर्षांत तू चार दिवसांच्या वर कधी राहिली नाहीस. दोन महिने म्हटल्यावर तुझ्या मायनं आत्तापासून गोधडीला टाके घालायला घेतले आहेत. गोधडी हे सामान धरायचं की नाही ते विहीणबाईंना विचारू नकोस.

मच्छरदाणीबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी सरकारनं औषध लावलेल्या दोन मच्छरदाण्या दिल्या होत्या. त्या दोन्ही सध्या तलावात आहेत. झिंगे धरायला तेवढं बारीक जाळं दुसरं नाही. आरोग्य खात्याच्या आशाताईंकडे तिसरी मागायला गेलो, तर त्यांनी मला उभं केलं शाळेतल्या पोरासारखं. "भाऊ, पहिले लिहून द्या का इच्यात झिंगे नाई धरीन म्हनून." लिहून दिलं. सचिव असल्यामुळे मजकूर चांगला झाला.

मधाचं ऐकून माय खरंच रागावली. जंगलातला मध तिनं दिवाळीतच गाळून ठेवला होता, बाळाच्या जिभेवर पहिलं बोट तिचं लागावं म्हणून. मी आशाताईंनाच घरी आणलं. त्यांनी सांगितलं की वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, लेकराला बाधतो. माय म्हणाली, "मंग जन्मल्यावर लेकराले मी देऊ तरी काय?" त्याचं उत्तर म्हणून पार्सलमध्ये बोंडलं पाठवतो आहे. ते चोचीचं पितळी भांडं तुला आठवत नसेल. तुम्ही दोघं भावंडं त्यानंच दूध प्यायलात.

मागच्या दाराची काळजी करू नकोस. त्याला मी जाळं विणतो आहे. माझं जाळं चुकवून आजवर कुणी गेलेलं नाही.

तुझा बाप,
दादाजी

चंद्रपूर
२८ नोव्हेंबर २०२४

बाबा,

बोंडलं पोचलं. मायला सांगा, मी ते छातीशी धरून बसले होते. मग तपासणीला गेले तेव्हा प्रिया सिस्टरना दाखवलं. त्या बाळंतिणींच्या वॉर्डात आहेत आणि फार स्पष्ट बोलतात. त्यांनी मोबाईलचा उजेड चोचीत टाकला, कापसाची वात करून आत फिरवली. वात काळी निघाली. म्हणाल्या, "रीता, याच्यात तुह्या लहानपनचं दूध अजून हाय."

चोच आतून घासता येत नाही, म्हणून बोंडलं नको. बाटलीचंही तेच, रबराच्या बोंडात दूध राहतं आणि लेकरू आजारी पडतं. अंगावर पाजणं सगळ्यात चांगलं. कधी वरून द्यायची वेळ आलीच तर काढलेलं दूध स्टीलच्या रुंद वाटीतून, काठ बोथट असलेल्या छोट्या चमच्यानं. वाटी-चमचा उकळला की झालं. मी विचारलं, "अन् त्या चौदा बाटल्या?" तर म्हणाल्या, "दुकानदाराले पोट नाई का?"

म्हणजे माझं अर्धं दुकान दिवाणातच राहणार. निकेशला सगळ्यात वाईट वाटलं ते बाटल्या उकळायच्या यंत्राचं. रविवारी हेमराजभाऊंच्या घरी बसून दोघांनी त्यात अंडी उकडून पाहिली. छान उकडतात म्हणे. मी मात्र वाट्या बघत हिंडते आहे. तीन घेतल्या, त्यातल्या दोन वाट्यांचा काठ मला धारदार वाटतो. काल रात्री स्वप्नात पण वाटीच होती. हसू नका.

सासूबाईंनी यादीत एक गोष्ट वाढवली आहे. चुलीवरून उतरवलेलं पेजेचं पातेलं, तो मोठा गंज, जमिनीवर ठेवायचा नाही. एक मिनिटही नाही. त्यासाठी भिंतीत उंच फळी करा, मोठ्या माणसाच्या छातीएवढी. बाबा, बाकी काही राहिलं तरी चालेल, हे मात्र नक्की करा.

जाळं कसं झालं ते कळवा.

रीता

बोडीटोला
८ डिसेंबर २०२४

चि. रीता,

जाळ्याचं विचारू नको असं लिहिणार होतो, पण तुझी माय हे पत्र तुझ्या भावाला, पवनला, फोनवर ऐकवणार आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही.

आठ दिवस खपून मी मागच्या दाराला जाळं विणलं. बारीक नायलॉन, जाळ्याचं एकेक घर तीन बोटं जातील एवढं, गाठी अशा की बघत राहावं. संध्याकाळी ताणून बांधलं आणि चार शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. सकाळी उठलो तर काळी कोंबडी त्यात मानेपर्यंत. पुढं जाता येईना, मागं येता येईना, रोहू अडकतो तशी. तिला सोडवायला गेलो तर माझ्या सदऱ्याच्या गुंड्या अडकल्या. तुझी माय आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज मासोळी मोठी भेटली."

हसून झाल्यावर मी ओट्यावर बसलो आणि ते जाळं पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षं मी पकडायचं जाळं विणत आलो. डोकं आत जावं आणि बाहेर येऊ नये, यासाठीच ते घर असतं. अडवायचं जाळं माझ्या हातांना ठाऊकच नाही. उद्या त्या घरात लेकराचं बोट गेलं असतं, मान गेली असती. मी तिथल्या तिथं विळ्यानं सगळं कापून काढलं.

मग आयुष्यात पहिल्यांदा जाळं सोडून बांबूला हात घातला. दाराला फाटक केलं. कामट्या उभ्या, घासून गुळगुळीत, जवळजवळ बसवलेल्या, आडवी एकही नाही म्हणजे पाय ठेवून चढता येणार नाही. कडी बाहेरून आणि वर. चूल कमरेएवढ्या ओट्यावर गेली, धुरासाठी भिंतीत झरोका काढला. तुझी माय आता उभ्यानं सैपाक करते आणि म्हणते की पाठ दुखायची थांबली, हे काम वीस वर्षांआधी काऊन नाई केलं. गळांची पेटी माळ्यावर. गंजाची फळीही झाली, छातीएवढी. माझ्या छातीएवढी, मायला पाटावर चढावं लागतं.

आता फक्त विहीणबाईंनी शिक्का मारायचा बाकी आहे. त्यांना मी आज वेगळं पत्र टाकलं आहे. भिऊ नको, गोडच लिहिलं आहे. एवढंच म्हटलं की यादीची अंमलबजावणी पूर्ण झाली, आणखी कलमं असतील तर एकदाच पाठवा, रोज एक नको.

तुझा बाप

चंद्रपूर
१६ डिसेंबर २०२४

दादाजीभाऊ,

नमस्कार घ्या, गिरजाबाईले पन सांगा. तुमचं पत्र भेटलं. मी जसं बोलतो तसंच लिहून राह्यली, हसू नका.

तुम्ही यादी यादी म्हनता, ते कोनती यादी? मी कोनतीच यादी नाई देल्ली. मी एकच म्हनलं होतं का बाळ व्हाच्या आधी सामान घरी आनाचं नाई. ते आमच्या इथचं जुनं हाय, त्याले तुमच्या घराशी काई लेनदेन नाई. चूल उंच करा, गंज वर ठेवा, हे मी तुमाले काऊन सांगू? राजुऱ्यापाशी खेड्यात जमिनीवरच्या चुलीपाशी मी तीन लेकरं वाढवले. उलट मीच रीताले म्हनलं होतं का सव्वा महिना झाला का जाय मायजवळ, पाह्यजे त मी पन येतो सोडाले. मले तुमचा तलाव पाहाचा हाय.

पत्र वाचल्यावर मले राग आला होता. मंग रीताकडे पाह्यलं. ते पोरगी पुढ्यातली चहाची कपबशी टेबलाच्या काठावरून मधात सरकवते. पुन्हा पाहते, पुन्हा सरकवते. घरात एक बी लेकरू नाई तरी. गॅसवर काही असलं त तिथून हलत नाई. तिच्या मनात काईतरी बसलं हाय भाऊ. यादी तिची हाय, नाव माह्यं हाय.

मी तिले काई इचारलं नाई, अन् तुमच्या पत्राचं बी सांगतलं नाई. दिवस भरत आले, आता तिले हात लावाचा नाई. तुम्ही बाप हा, तुमाले मालूम असन. बाळंतपन होऊ द्या, मंग तुम्हीच इचारा.

नीलाबाई

चंद्रपूर
६ जानेवारी २०२५

बाबा,

तुम्ही काचेतून पाहून गेलात ती तुमची नात आता माझ्या मांडीवर आहे. एकोणीसशे ग्रॅमची होती, काल दोन किलो साठ भरली. वजन करणाऱ्या सिस्टरनं आकडा सांगितला तेव्हा निकेशनं वॉर्डात टाळ्या वाजवल्या आणि बोलणी खाल्ली.

तीन आठवडे आधी आली म्हणून तिला ओढायची ताकद नव्हती. तोंडात घ्यायची आणि दमून झोपायची. पहिल्या रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशी प्रिया सिस्टर आल्या, माझं दूध वाटीत काढायला शिकवलं, बाळाला अर्धवट बसतं धरून चमचा खालच्या ओठाला लावला. ओतायचं नाही, नुसता लावायचा. ती जीभ बाहेर काढून चाटायला लागली. बाबा, एक चमचा दूध संपायला मला वाटतं पाच मिनिटं लागली, आणि मी त्या पाच मिनिटांत श्वास घेतला नसेल. मग दर दोन तासांनी तेच. सिस्टरनी माझ्या तीन वाट्यांतली एक नापास केली, दोन पास झाल्या.

पण खरी हुशारी मायची. तिला कुणी शिकवलं नाही. ती चमचा धरते आणि बाळ तोंड उघडतं. सिस्टर दुसऱ्या बाळंतिणींना बोलावून मायचा हात दाखवायच्या. माय लाजून पदर तोंडाला लावायची आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम नवं लुगडं नेसून यायची. मधाचं दुःख ती विसरली असं मला वाटतं. चार दिवसांपासून बाळ अंगावरही ओढायला लागलं आहे, थोडं थोडं. चेहरा असा करते जसं काही हिनंच शोध लावला.

माय परवा गेली. तिच्या तोंडावर सांगवलं नाही म्हणून लिहिते. सासूबाई म्हणतात, यंदा तिकडे नको. बाळ नाजूक आहे, तुमच्याकडे थंडी फार, दवाखाना लांब. उन्हाळ्यात पाहू म्हणतात. तुम्ही एवढं सगळं केलंत, फाटक, चूल, फळी. मला फार वाईट वाटतं. पण त्यांच्यापुढं मी काय बोलणार. तुम्ही त्यांना जे पत्र लिहिलं होतं त्याबद्दल विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

तुम्हीच बारशाला इकडे या.

रीता

बोडीटोला
१४ जानेवारी २०२५

रीता बेटा,

हे पत्र मी मायला वाचून दाखवलेलं नाही. आज विनोदही करणार नाही.

तुझ्या सासूबाईंनी मला डिसेंबरात उत्तर लिहिलं होतं. त्यांनी कधीच कुठली यादी दिली नाही. तुला इकडे पाठवायला त्यांची ना नाही, त्यांनाच इथं यायचं आहे. हे मला महिनाभर ठाऊक आहे. तुझं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून गप्प राहिलो. त्या बाईंवर रागावू नकोस. त्यांनी तुझं नाव राखलं आहे, तू मात्र त्यांचं वापरलंस.

यादीत गंज आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही, मी फळी मोजण्यात रमलो होतो. विहीणबाईंचं पत्र वाचल्यावर कळलं.

तू नऊ वर्षांची होतीस आणि पवन दीड वर्षाचा. तलाव आटला होता, वर्षाची मोठी मासेमारी होती. मी आणि तुझी माय पहाटेच गेलो. तुला सांगितलं, पेज झाली की उतरव आणि भावाकडे पाहा. दुपारी पवनचा हात गंजात गेला. तू आम्हाला म्हणालीस, "मी इथीच होती, त्यानं एकदम हात टाकला." गेली एकवीस वर्षं तू तेच सांगत आलीस. पवनच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा त्या मुलीच्या आईनं मला त्याच्या हाताबद्दल विचारलं, तर तिथंही तेच सांगितलंस, कुणी तुला विचारलं नसताना.

बेटा, मी त्या वेळी बांधावरून घरी येत होतो, टोपली न्यायला. तू रस्त्यावर पोरींबरोबर लंगडी खेळत होतीस. मी पाहिलं तुला. मला बरं वाटलं, पोर खेळते आहे म्हणून. मग किंकाळी ऐकू आली आणि तू माझ्या पुढं धावत घरात शिरलीस.

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू खोटं बोललीस तेव्हा मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर दोष तुझा ठरला असता, आणि तो तुझा नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीच्या हाती उकळती पेज आणि दीड वर्षाचं लेकरू देऊन आम्ही मासे धरायला गेलो. ती चूक माझी आणि तुझ्या मायची. मला वाटलं, विषय काढला नाही तर तू विसरशील. ती माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. एकवीस वर्षं तू एकटीनं ते ओझं वाहिलंस आणि मी रोज ते पाहत होतो. तू इथं चार दिवसांच्या वर का राहत नाहीस हे मला कळायला हवं होतं. मी समजत होतो, शहराची सवय झाली.

पवनला मी काल फोन केला. टॉवरसाठी बांधावर उभा राहून ओरडत होतो, अर्ध्या गावानं ऐकलं असेल. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मले त्या हातानं कंपनीत ओव्हरटाइम करता येते. रीताबाईले म्हना, मले काऊन नाई सांगतलं, मीच तिच्या बदल्यात लंगडी खेळलो असतो." हसत होता तो. मी नाही हसलो, मी तिथंच बसून रडलो.

घर तयार आहे. पण मी तुला ये असं म्हणणार नाही. तुला भीती घराची नाही, तुझी स्वतःची आहे, आणि ती मला ओटा बांधून उंच ठेवता येत नाही. तुला यावंसं वाटेल तेव्हा तुझ्या नावानं लिही. विहीणबाईंच्या नावानं आलेलं पत्र आता कार्यालय स्वीकारणार नाही.

बाबा

चंद्रपूर
२४ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं पत्र आलं तेव्हा बाळ पीत होतं, म्हणून मला रडता आलं नाही. तिचं होईपर्यंत थांबले.

मग सासूबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. लंगडीचं, गंजाचं, यादीचं. त्या म्हणाल्या, "माह्या लहान्यानं एकडाव रॉकेल पेलं होतं. मी शेजारी गप्पा मारत होती. त्याच्या बापाले अजून मालूम नाई." मग त्यांनी मला जेवू घातलं. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, यादी चांगली होती, त्यांचं नाव होऊन गेलं कुरखेड्यापर्यंत.

पवनशी तासभर बोलले. काय बोललो ते सांगत नाही, ते आमचं आहे.

बाबा, ती आता दोन किलो सहाशे आहे. अंगावर नीट ओढते, चमचा लागतच नाही. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या, कुरखेड्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठीही लिहून दिली. निकेशच्या मित्राची गाडी ठरली आहे. सासूबाईंची पिशवी कालपासून दाराशी भरून ठेवलेली आहे, माझी अजून व्हायची आहे. हेमराजभाऊंनी दिवाण रिकामा केला आणि आता त्यांना घर सुनं वाटतं म्हणे.

आम्ही शनिवारी, एक तारखेला, दुपारपर्यंत येतो. हे मी माझ्या नावानं लिहिते आहे.

एकच मागणं आहे, आणि तुम्ही नाही म्हणू नका. मायलाही समजावून ठेवा. रविवारी सकाळी तुम्ही दोघं रोजच्यासारखे तलावावर जा. सासूबाईंनाही न्या. घरी मागे कुणी थांबू नका, कुणी मध्येच टोपली न्यायला येऊ नका. मी लेकराजवळ एकटी राहीन. तुम्ही मासे घेऊन याल तेव्हा आम्ही दोघी दारातच असू.

रीता